हौशी कार्टिंगमधली दोस्ती: चिठ्ठीच्या गाडीची की स्वतःच्या गाडीची?

उशिरा ब्रेक

वाद व्हावा म्हणूनच धागा काढतोय. पुण्यातल्या आमच्या मंडळींची लीग भाड्याच्या कार्टवर, म्हणजे छोट्या उघड्या रेसिंग गाड्यांवर, चालते. आता पुढच्या सीझनपासून 'स्वतःची कार्ट' असा वेगळा गट काढायचा घाट घातला गेलाय. मी विरोधात हात वर केला, तर 'तुला परवडत नाही म्हणून' असं ऐकून घ्यावं लागलं. परवडत नाही हे खरंच आहे, पण मुद्दा तो नाही.

आपण ज्या दोस्तीचं एवढं कौतुक करतो ती आपल्या मोठ्या मनातून आलेली नाही, ती चिठ्ठीतून आलेली आहे. हेल्मेटमध्ये चिठ्ठ्या टाकायच्या, निघेल त्या नंबरची गाडी घ्यायची. सात नंबरचा क्लच उशिरा पकडतो आणि अकराचं स्टिअरिंग डावीकडे ओढतं, हे लीगमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आज ते माझ्या नशिबी, पुढच्या हीटला (फेरीला) तुझ्या. म्हणूनच सात नंबर निघालेल्याला कुणीतरी आपणहून सांगतं, 'हेअरपिनच्या यू-वळणाला फार हळू होऊ नकोस, मोठी लाइन घे, नाहीतर बाहेर पडताना गाडी झोपते.' सांगणाऱ्याचं त्यात काही जात नाही. उलट पुढच्या वेळी सात नंबर त्याच्या वाट्याला आला, तर त्यालाही कुणीतरी सांगेल.

गाडी स्वतःची झाली की हीच माहिती लपवायची वस्तू होते. टू-स्ट्रोक गाड्यांच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी तंबू टाकतात त्या जागेत) जाऊन विचारा, 'मेन जेट कितीचा टाकलास?' म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारं भोक किती मोठं. समोरचा हसून एक आकडा सांगेल. तो खरा असेलच याची हमी कोण देणार? दोन आकडे लहान सांगितला आणि सकाळच्या गारव्यात तुम्ही तो टाकलात, तर मिक्स्चर लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी पडून, पिस्टन धरायची (जागेवर अडकायची) वेळ येते. हीच का ती दोस्ती?

आणि चिठ्ठी म्हणजे गरिबांची सोय असं समजू नका. रोटॅक्स या इंजिन कंपनीच्या जागतिक ग्रँड फायनल्सला देशोदेशीचे विजेते जातात, आपलेही जातात. तिथेसुद्धा चासी (गाडीचा सांगाडा) आणि इंजिन चिठ्ठीनेच वाटतात.

---

उद्यमनगरी

काय राव, धागा काढलाय का आमची लायकी काढलीय?

मी कोल्हापूरचा. आमच्याकडं गाडी म्हणजे घरातलं माणूस. मोहित्यांच्या ट्रॅकवर राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या झाल्यात, तिथली पोरं बघत मोठा झालो. पॅडॉकमधली एक साधी गोष्ट तुम्हाला दिसली नाही वाटतं. इंजिनासकट कार्ट ८० किलोच्या आसपास भरते. ती स्टँडवर चढवायला दोन माणसं लागतात. एकटा आलेला माणूस काय करणार? शेजारच्या तंबूतल्याला हाक मारणार. आणि शेजारचा म्हणजे कोण, तर ज्याच्याशी अर्ध्या तासात झुंजायचं तोच. त्यानं बंपर धरला की तुमच्या गाडीचं पोट त्याच्या डोळ्यासमोर. मागचा स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) किती दातांचा, एक्सल वरच्या भोकात का खालच्या, सगळं दिसतंय. तरीबी हाक मारावीच लागती. लपवून लपवणार किती?

माझी चेन फायनलच्या आधी तुटली. बॉक्समध्ये दुसरी नव्हती. माझ्या पुढं स्टार्ट घेणाऱ्यानं त्याची जुनी चेन दिली, वर त्याचा पोरगा बसवायला पाठवला. त्या पोराचं हात काळंकुट्ट झालं. आणि तिसऱ्या लॅपला त्याच माणसानं आतून घुसून मला गवतात घातलं. संध्याकाळी भेटलो तर म्हणतोय, चेन परत दे.

आता सांगा, भाड्याच्या गाडीवर असलं काय घडतंय? हेल्मेट काउंटरवर जमा केलं, चहा पिला, संपलं.

---

हिशेबनीस

उद्यमनगरी, किस्सा झकास आहे, पण चेन जुनी होती हे तुम्हीच लिहिलंय. त्याने तुम्हाला नवे टायर दिले असते का?

मला वाटतं पॅडॉकमधली सगळी देवाणघेवाण याच रेघेवर थांबते. स्पॅनर देतील, चेन देतील, स्पार्क प्लग देतील, म्हणजे तुम्ही स्टार्टला उभे राहू शकाल एवढं सगळं देतील. कारण स्टार्टला गाड्याच कमी असतील तर शर्यतीला मजा नाही. तुम्ही जिंकू शकाल असं काही मात्र कुणी देत नाही. ताज्या टायरच्या पहिल्या काही लॅपमध्ये जी पकड मिळते ती पैसे मोजून घेतलेली असते. याला दोस्ती म्हणायचं तर म्हणा, माझ्या मते हा समंजस व्यवहार आहे. व्यवहार वाईट असतो असं मी म्हणत नाही.

आयात केलेली चासी आणि इंजिन मिळून काही लाखांचा मामला, त्यावर टायर, प्रवास, मेकॅनिक. लीगमध्ये असा गट आला की पहिल्याच वर्षी आयटीवाले एका तंबूत आणि बाकीचे प्रेक्षकांत बसतील. उशिरा ब्रेक यांना पाठिंबा.

---

उद्यमनगरी

टायर मागणाराच येडा म्हणायचा. पण तुमचं 'जिंकू शकाल असं कुणी देत नाही' हे साफ चूक आहे.

कार्टला डिफरेन्शिअल (वळताना दोन चाकं वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा भाग) नसतंय, मागचे दोन्ही टायर एकाच सरळ एक्सलवर. वळताना आतला मागचा टायर जरासा उचलला गेला नाही तर गाडी अडती, नाक बाहेर जातंय. मी महिनोन्‌महिने स्टिअरिंगशी मारामारी करत होतो. एका म्हाताऱ्या गड्यानं, माझ्याच गटातल्या, हातानं सीट हलवून दाखवली. 'ही लै मागं आन खाली बसवलीयास, चासी पिळवटणार कशी?' सीट वर घेतली, गाडी वळायला लागली. तवापासून तो माझ्या मागं येतोय आणि दर वेळी स्वतःलाच शिव्या देतोय. हे कुठल्या व्यवहारात बसतंय?

---

काळा झेंडा

मी चालक नाही, मार्शल आहे. वळणावर झेंडे घेऊन उभा असतो, त्यामुळे दोन्ही प्रकारच्या शर्यतींची दुसरी बाजू बघतो.

चिठ्ठीच्या गाड्यांवर दोस्ती जास्त म्हणता? धडकाधडकी तिथेच जास्त असते. भाड्याच्या कार्टला चारही बाजूंनी जाड बंपर, गाडी मालकाची, भरपाई किरकोळ. मग पुढच्याच्या मागच्या कोपऱ्याला नाक लावायचं आणि वळणात ढकलून काढायचं, हे सर्रास. वर 'सॉरी भावा' म्हणत खांद्यावर हात टाकायचा, म्हणजे दोस्तीपण शाबूत. स्वतःच्या गाडीचा एक्सल एकदा वाकला की माणूस आपोआप अंतर ठेवायला शिकतो.

आंतरराष्ट्रीय कार्टिंगमध्ये तर २०१५ पासून पुढचा बंपर असा बसवतात की धक्का दिला की तो मागे सरकतो. शर्यत संपल्यावर तो जागेवर नसेल तर वेळेचा दंड. लोक आपणहून सभ्य वागत असते तर असा बंपर शोधावाच लागला नसता.

ज्यांना वाटतं की हा खेळच भावाभावांचा आहे, त्यांनी ऑक्टोबर २०२० मधली इटलीतल्या लोनातोची घटना आठवावी. केझेड या गिअरवाल्या कार्टच्या गटाच्या जागतिक स्पर्धेची फायनल. लुका कोर्बेरी बाहेर पडला, ट्रॅकच्या कडेला उभा राहिला आणि प्रतिस्पर्ध्याची गाडी समोरून जाताना तुटलेला बंपर त्याच्या अंगावर फेकला. नंतर पार्क फर्मेमध्ये (शर्यतीनंतर गाड्या तपासणीसाठी ठेवतात तिथे) मारामारी, त्यात वडीलही. ट्रॅक त्यांच्याच कुटुंबाचा. मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेने, एफआयएने, बापलेकांवर १५-१५ वर्षांची बंदी घातली.

---

पिटवॉलवरची आई

काळा झेंडा, 'त्यात वडीलही' हे तुम्ही जाता जाता लिहून गेलात. मला तिथेच थांबायचंय.

माझा मुलगा लहान गटात चालवतो. हीट संपली की ती सगळी पोरं रेसिंग सूट कमरेपर्यंत उतरवून, बाह्या लोंबत्या ठेवून तंबूंच्या मधल्या गल्लीत क्रिकेट खेळतात. मघाशी ज्याने ज्याला बाहेर काढलं ते दोघे एकाच टीममध्ये. आणि त्याच वेळी त्या दोघांचे बाबा आयोजकांच्या टेबलापाशी मोबाइलवरचा व्हिडिओ पुढेमागे करत भांडत असतात. एका बाबांनी तर मुलाला दम दिला, 'त्याच्याशी खेळायचं नाही, तो आपला कॉम्पिटिटर आहे.' पोराने मान डोलावली आणि बॅटिंगला गेला.

तुम्ही गाडी कुणाची यावर वाद घालताय. मी म्हणते, स्वप्न कुणाचं हे बघा. फॉर्म्युला वनच्या वेडात घर गहाण टाकायची तयारी असलेला बाप शेजारी उभा असला की पोरगं कुणाला चेन देईल? हौशी मोठ्यांचं बरं असतं, त्यांना कुठे जायचंच नसतं.

---

विलायती वडापाव

आईसाहेबांचं शेवटचं वाक्य फ्रेम करून ठेवण्यासारखं आहे.

मी इंग्लंडात असतो. इथे मिल्टन कीन्सला डेटोना या कार्टिंग कंपनीची डीमॅक्स नावाची मालिका चालते, टू-स्ट्रोक रोटॅक्स गाड्या, पण गाड्या आयोजकांच्या. म्हणजे वेगही खरा आणि चिठ्ठीही खरी. शिवाय इथे लांब पल्ल्याच्या शर्यतींची चटक आहे, अगदी चोवीस तासांच्यासुद्धा. पहाटे तीन वाजता कुडकुडत ड्रायव्हर बदलताना बरगड्या इतक्या ठणकत असतात की पलीकडच्या टीमने दिलेला केळ्याचा तुकडाही प्रसाद वाटतो.

आणि फॉर्म्युला वनच्या आयर्टन सेनाचं उदाहरण कुणीच कसं काढलं नाही? १९९३ मध्ये ॲडलेडला त्याला विचारलं, सर्वांत समाधान देणारा प्रतिस्पर्धी कोण? प्रॉस्ट, मॅन्सेल हे फॉर्म्युला वनचे विजेते सोडून त्याने कार्टिंगमधल्या टेरी फुलर्टनचं नाव घेतलं. का, तर तेव्हा पैसा नव्हता, राजकारण नव्हतं, निव्वळ शर्यत होती. आमचं हौशी लोकांचं सगळं तत्त्वज्ञान यात आलं.

---

हिशेबनीस

वडापावसाहेब, हे उदाहरण सगळेच देतात आणि अर्धंच देतात. फुलर्टन हौशी नव्हता हो! १९७३ चा जागतिक विजेता, आणि इटलीच्या डीएपी कारखान्यासाठी पगारावर गाडी चालवणारा माणूस. सेना त्याच टीममध्ये नवखा म्हणून आला. 'पैसा नव्हता' ही बारा-पंधरा वर्षांनंतरची आठवण आहे, आणि फॉर्म्युला वनमधल्या पैशापुढे कुणालाही तसंच वाटेल.

आणि दोस्ती कसली? फुलर्टन सांगायचा तो इटलीतल्या येसोलोचा किस्सा ऐका. १९८० ची शर्यत. शेवटच्या लॅपला तो सेनाला धक्का देऊन पुढे गेला. नंतर हॉटेलच्या स्विमिंग पूलच्या काठाशी उभा असताना सेनाने गुपचूप मागून येऊन त्याला कपड्यांसकट पाण्यात ढकललं. दोघांचं फारसं पटत नव्हतंच. आदर होता, तोही एकमेकांच्या वेगाबद्दल. मला वाटतं आपल्या पॅडॉकमध्येही हेच असतं, फक्त आपण त्याला मिसळपार्टीत नेऊन दोस्ती म्हणतो.

---

उद्यमनगरी

मिसळीला मधी आणायचं नाही.

आणि पूलमध्ये ढकलणं ही दोस्तीच की हो. दुश्मनाला कोण पाण्यात ढकलतंय? त्याच्यावर तक्रार करत्यात, लेखी, फी भरून.

---

उशिरा ब्रेक

बरीच मतं आली. काळा झेंडा यांच्या धक्काबुक्कीच्या मुद्द्यावर इलाज आहे. प्रत्येकाकडून सीझनच्या सुरुवातीला अनामत घ्यायची, ज्याने ठोकलं त्याच्या अनामतीतून कापायचं. गाडी मालकाची राहिली तरी खिसा आपलाच असेल. मग बघू किती जण नाक लावतात.

म्हाताऱ्या गड्याने सीट सरकवून दिली हे वाचून मजा आली. पण तसा एक माणूस सापडतो म्हणून सगळा गट त्याच्या भरवशावर काढायचा का? चिठ्ठीला भला माणूस लागत नाही, तिचं काम कुणाही माणसाला घेऊन होतं. तेवढ्यासाठी ती मला जास्त भरवशाची वाटते.

तरीही स्वतःची गाडी हवीच असेल तर मधला मार्ग सुचवतो. चासी ज्याची त्याची, इंजिनं क्लबची. रोटॅक्सची इंजिनं सीलबंदच असतात, अधिकृत केंद्राशिवाय कुणी उघडायची नाहीत. सकाळी चिठ्ठी काढून इंजिन घ्यायचं, संध्याकाळी परत द्यायचं. टायर सगळ्यांना एकाच कंपनीचे, सीझनला ठरावीक जोड.

---

उद्यमनगरी

ह्याला माझी ना नाही. चासी चिठ्ठीनं वाटू नका म्हंजे झालं. सीट अंगाला बसवलेली असती. दुसऱ्याच्या सीटवर वीस लॅप मारून बघा, दोन दिवस कुशीवर झोपता यायचं नाही.

---

हिशेबनीस

कल्पना चांगली आहे, पण क्लबचं इंजिन धरलं तर बिल कुणाच्या नावावर फाडायचं? ज्याच्या चिठ्ठीत होतं त्याच्या, की आधीच्या फेरीत ज्याने ते पिळून काढलं त्याच्या?

---

काळा झेंडा

ते नंतर. आधी त्या इंजिनात जेट कितीचा टाकायचा हे कोण ठरवणार ते बोला. चालकाने ठरवायचं असेल तर खोटे आकडे पुन्हा सुरू. क्लबने ठरवायचं असेल तर सकाळी एकदा आणि दुपारी एकदा सगळ्यांचे जेट बदलायला माणूस लागेल, आणि माझ्याकडे झेंडे धरायलाच माणसं पुरत नाहीत.

---

पिटवॉलवरची आई

मुलांच्या गटातले बाबा रिकामेच असतात. त्यांना लावा कामाला. फक्त स्वतःच्या मुलाच्या गाडीला हात लावायचा नाही, एवढी अट घाला.