मदत हवी आहे: माजी सैनिक वडिलांच्या ओळखपत्राचे फोटो वापरून तिसऱ्याच माणसाची फसवणूक झाली आहे

कापूसवाट

माझे वडील (घरात आम्ही त्यांना नाना म्हणतो) तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी शेती पाहतात. गेल्या महिन्यात नागपूरच्या एका गृहस्थांनी आधार कार्डावरील पत्त्यावरून ग्रामपंचायतीकडे चौकशी करून नानांचा नंबर मिळवला आणि "बदली झाली म्हणून स्कूटर विकतो असे सांगून तुम्ही माझे अठरा हजार रुपये घेतलेत," असा थेट आरोप केला. त्यांना व्हॉट्सॲपवर आलेले फोटो आम्ही मागवून घेतले. लष्करी कॅन्टीनचे कार्ड, माजी सैनिकाचे ओळखपत्र आणि आधार कार्ड, तिन्ही खरी आणि तिन्ही नानांचीच होती. फौजी माणूस खोटे बोलणार नाही, एवढ्याच विश्वासावर त्या गृहस्थांनी आगाऊ पैसे पाठवले होते.

शोध घेतल्यावर कळले की हिवाळ्यात परिसरातील माजी सैनिकांच्या ग्रुपवर एका अनोळखी नंबरवरून "नवीन यादीसाठी कार्डांच्या दोन्ही बाजूंचे फोटो तातडीने पाठवा" असा निरोप आला होता आणि पंधरा-वीस जणांनी ते त्याच ग्रुपवर टाकले होते. तो नंबर आता बंद आहे.

राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात आम्ही लेखी तक्रार दिली असून, दुसऱ्याची ओळख वापरल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66सी लागू करावे अशी विनंती केली आहे. नागपूरच्या गृहस्थांनाही 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवायला सांगितले. नानांच्या खात्यातून एक रुपयाही गेलेला नाही, परंतु त्या फोननंतर ते पारावर जाऊन बसलेले नाहीत, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते.

आता आणखी काय करावे? आणि ज्यांनी आयुष्यभर ते कार्ड अभिमानाने दाखवले, "हेडक्वार्टरमधून बोलतोय" असे ऐकताच जे आजही सरसावून बसतात, त्या ज्येष्ठांना कार्ड कोणालाही पाठवू नका हे त्यांचा अपमान न होता कसे सांगावे?

लळिंग

ताई, मी नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो, धुळ्यात राहतो. सर्वप्रथम तक्रारीची प्रत जोडून जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला आणि कॅन्टीनला अर्ज द्या आणि दोन्हीकडून पोच घ्या. उद्या दुसऱ्या गावाहून असाच फोन आला, तर तारीख असलेला तो कागदच नानांची बाजू मांडेल.

दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर नानांच्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते पाहा. अनोळखी नंबर दिसल्यास तो आपला नसल्याचे तिथेच कळवता येते. त्यांच्या नावावर कोणी कर्ज उचललेले नाही ना, हे क्रेडिट अहवालात कळेल. देशात असा अहवाल देणाऱ्या चार कंपन्या आहेत आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. आधारचे बायोमेट्रिक कुलूपबंद करा, मात्र नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देताना ते तात्पुरते उघडावे लागेल, नाहीतर बोटांचा ठसा किंवा चेहरा जुळणार नाही आणि पेन्शन अडकेल अशी भीती नानांना विनाकारण वाटेल. यापुढे आधारची प्रत द्यावीच लागली, तर शेवटचे चारच अंक दिसतात ती द्यावी. पीपीओ (पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा) क्रमांक आणि ओटीपी मात्र फोनवर कोणालाच सांगायचा नाही, समोरचा आपल्या पलटणीचे नाव अचूक सांगत असला तरीही.

ज्येष्ठांना समजावताना भीती घालू नका. रात्री गेटवर उभा असलेला संत्री "थम, कौन आता है?" असे विचारून परवलीचा शब्द घेतल्याशिवाय साहेबालाही आत सोडत नाही आणि त्यात साहेबाचा अपमान नसतो, हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तीच ड्युटी आता फोनवर करायची आहे, एवढेच सांगा.

कापूसवाट

दादा, मनापासून आभार. दोन्ही अर्ज देऊन पोच घेतली. तुमचे संत्रीचे वाक्य नानांना वाचून दाखवले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले आणि मग ग्रुपवर बोलायची जबाबदारी त्यांनी स्वतःच घेतली. रविवारी सकाळी पारावर बैठक ठेवली आहे आणि आपले कार्ड कसे वापरले गेले हे ते स्वतः अहिराणीतून सांगणार आहेत.

त्या तयारीत एक वेगळीच अडचण समोर आली. आमच्या गल्लीतील एका काकूंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. त्यांना वाचता येत नसल्यामुळे बँकेत आणि स्पर्शवर (संरक्षण खात्याच्या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीवर) पुतण्याचा मोबाईल नंबर नोंदवलेला आहे, म्हणजे प्रत्येक ओटीपी त्याच्याकडे जातो. तो मुलगा भला आहे, पण कामासाठी सुरतला असतो आणि फोन सतत बदलतो. काकूंच्या स्वतःच्या साध्या फोनचा नंबर दोन्ही ठिकाणी नोंदवायचा असेल, तर सुरुवात बँकेतून करावी की स्पर्शच्या सेवा केंद्रातून, आणि त्यासाठी कोणती कागदपत्रे सोबत न्यावीत? रविवारपूर्वी उत्तर मिळाले, तर सोमवारी मी त्यांना घेऊन जाऊ शकेन.