अनुभव धागा: एका सर्व्हिंगला किती? पाकिटामागच्या मापाचे आपले अनुभव

सांगलीत आमच्या घरी संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भडंगाचे पाकीट उघडले जाते. गेल्या महिन्यात सासऱ्यांच्या रक्तदाबाची तपासणी झाली, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितले, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पाकिटाची मागची बाजू वाचायला घेतली. सोडियम १५६ मिलिग्रॅम, दैनंदिन गरजेच्या ८ टक्के, हे वाचून बरे वाटले. त्या तक्त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत 'सर्व्हिंग २० ग्रॅम, या पाकिटात सुमारे १० सर्व्हिंग' असे छापलेले होते, म्हणजे वरचे आकडे पूर्ण पाकिटाचे नसून एका वेळचे धरलेल्या २० ग्रॅमच्या मापाचे होते, हे चष्मा लावल्यावर दिसले. २०० ग्रॅमचे ते पाकीट आमच्याकडे तिघांत संपते, तळाशी उरतात ते चार शेंगदाणे. म्हणून दुसऱ्या दिवशी सासऱ्यांची बशी वजनकाट्यावर ठेवली, तर त्यांचे भडंग ६२ ग्रॅम भरले. (कांदा धरून का, असे त्यांनी विचारले. नाही, कांदा आणि लिंबू नंतरचे.) म्हणजे एका बशीत ४८० मिलिग्रॅमच्या वर सोडियम, दिवसाच्या मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा, आणि तोही जेवणाच्या आधी.

थोडे वाचल्यावर असे कळले की आपल्याकडच्या २०२० च्या लेबलिंग नियमांप्रमाणे पोषणमूल्ये १०० ग्रॅममागे किंवा १०० मिलिलिटरमागे, अथवा एकदाच संपवायच्या छोट्या पाकिटामागे द्यावी लागतात. दैनंदिन गरजेची टक्केवारी मात्र एका सर्व्हिंगमागे काढलेली असते. त्या टक्केवारीसाठी सर्वसाधारण प्रौढ माणसाची दिवसाची गरज २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम एकूण स्निग्ध पदार्थ, ५० ग्रॅम मिसळलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे ५ ग्रॅम मीठ, अशी धरलेली आहे. हे आकडे सर्वांना सारखेच आहेत, पण सर्व्हिंग केवढे धरायचे हे ज्याचा माल तो ठरवतो, आणि माझी सारी फसगत नेमकी तेवढ्या एका आकड्यात झाली.

हे माप आपल्याला कुठे आडवे आले, कुठे उपयोगी पडले, ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. कंपन्यांची नावे नकोत, आकडे मात्र जरूर द्यावेत.

मिरज, टाइप १ मधुमेह असलेल्या मुलीची आई

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. ती जे खाणार असेल त्यातली कर्बोदके मोजून त्या हिशोबाने तिला आधी इन्सुलिन द्यावे लागते. भाकरी, भात, पोहे यांचे आकडे मला पाठ झाले आहेत. विकतच्या खाण्यासाठी मात्र पुड्यावरच विसंबावे लागते. शाळेतून आल्यावर ती दुधासोबत सहा बिस्किटे खाते. दोन वर्षांपूर्वी मी पुड्यावरून हिशोब मांडून फ्रीजवर चिकटवला होता: सर्व्हिंग २५ ग्रॅम म्हणजे ३ बिस्किटे, १०० ग्रॅममध्ये ७५ ग्रॅम कर्बोदके, म्हणजे एका बिस्किटात सव्वासहा आणि सहा बिस्किटांत साडेसदतीस ग्रॅम.

यंदा जानेवारीत आठवडाभर तिची साखर संध्याकाळी सारखी खाली येऊ लागली. एकदा तर ६४ दिसली, हात थरथरत होते, घामाने कपाळ ओले झाले होते. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासली, तेव्हा ती ठीक झाली. शाळेत खो-खोचा सराव सुरू झाला होता, म्हणून आम्ही सगळा दोष खो-खोला दिला. खरे कारण सापडले ते सासूबाईंच्या चहात. बिस्कीट बुडवता बुडवता त्या म्हणाल्या, "बारकी झालीत गं ही, दोन बोटांत धरायला सुद्धा पुरत नाहीत." मी पुडा उलटा केला, तर त्यावर आता 'सर्व्हिंग २५ ग्रॅम (४ बिस्किटे)' असे छापलेले होते. सर्व्हिंग तेच, १०० ग्रॅमचे आकडे तेच, टक्केवारीही तीच. फक्त कंसातला ३ जाऊन ४ आला होता. तिच्या सहा बिस्किटांत आता २८ ग्रॅम कर्बोदके होती आणि मी इन्सुलिन देत होते ते साडेसदतीसच्या हिशोबाने.

यात कोणी खोटे छापले, असे मी म्हणू शकत नाही. कंसातला आकडा हाच माझा आधार होता, आणि तो बदलल्याचे सांगायला पुड्याच्या दर्शनी भागावर काहीच नव्हते. आता मी बिस्किटे मोजत नाही, तोलते, आणि फ्रीजवरच्या कागदावर केवळ १०० ग्रॅमचे आकडे आहेत.

कोरेगाव, किराणा दुकानदार

वरच्या ताईंनी लिहिलेल्या बदलामागे बहुतेक वेळा साधी गोष्ट असते, ती सांगतो. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत हलवली की गिऱ्हाईक तुटते, त्यामुळे मैदा, तेल, साखर महागली की पुड्याचे वजन कमी होते. नवा माल आला की खोका उचलतानाच आम्हाला कळते. माझ्या एकतीस वर्षांच्या दुकानदारीत मागचा तक्ता वाचून माल परत ठेवणारी गिऱ्हाइके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी झाली. तारीख मात्र हल्ली सगळे बघतात.

वाई, जॅम आणि सरबते तयार करणारी लघुउद्योजिका

मी या पाकिटाच्या पलीकडच्या बाजूची आहे, त्यामुळे थोडे संकोचूनच लिहीत आहे. आम्ही चौघी मिळून स्ट्रॉबेरीचा जॅम करतो. बाटलीवरचा तक्ता छापण्याआधी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. अहवाल आला तो सगळा १०० ग्रॅममागे. जॅममध्ये विद्राव्य घन पदार्थ किमान ६५ टक्के असावेच लागतात आणि त्यात बहुतांश साखर असते. आमच्या अहवालात मिसळलेली साखर ६६ ग्रॅम आली. इथपर्यंत सगळे काटेकोर होते. मग लेबल मांडून देणाऱ्याने फोनवर विचारले, "ताई, सर्व्हिंग किती टाकू?"

आम्ही चौघी एकमेकींकडे बघत राहिलो. एकीने चमचाभर जॅम काढून तोलला, तो २० ग्रॅमच्या आसपास भरला. त्या हिशोबाने साखर १३.२ ग्रॅम, दिवसाच्या मर्यादेच्या २६ टक्के झाली. तो माणूस म्हणाला, "एवढे कशाला, १० ग्रॅम टाका, चालते." १० ग्रॅमला तोच आकडा १३ टक्के होतो. आम्ही १० टाकले. बाटलीतला जॅम होता तसाच राहिला आणि दोन मिनिटांत २६ चे १३ झाले.

माझा स्वतःचा मुलगा पावाच्या दोन कापांना किती लावतो, हे मी नंतर घरी तोलले. ३४ ग्रॅम. पुढच्या छपाईला २० टाकायचे, असे मी बैठकीत मांडले आहे. दोघींचे म्हणणे असे की शेजारच्या बाटलीवर १० असेल तर आपलीच बाटली जास्त गोड दिसेल. त्यांचे चूक आहे, असे मला ठामपणे म्हणता येत नाही.

कराड, नोकरीनिमित्त काही वर्षे अमेरिकेत राहिलेला

तिथे हे माप उत्पादकाच्या मर्जीवर सोडलेले नाही. १९९० च्या पोषण लेबल कायद्याप्रमाणे लोक एका वेळी सर्वसाधारणपणे जेवढे खातात, त्या प्रमाणावर ते बेतावे लागते. किती खावे, याचा तो सल्ला नाही, हे मला समजायलाच वर्ष गेले. आइस्क्रीमचे सर्व्हिंग वाढल्यावर सरकारने जास्त खायला परवानगी दिली, असा माझा समज झाला होता. २०१६ च्या सुधारणेत आइस्क्रीम अर्ध्या कपावरून दोन तृतीयांश कपावर गेले, कारण लोकच जास्त खाऊ लागले होते. अर्थात पळवाटा तिथेही आहेत. एका सर्व्हिंगमध्ये ट्रान्स फॅट (हृदयाला अपायकारक अशी चरबी) अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तिथे शून्य छापता येते, आणि मग सर्व्हिंग लहान असेल तर त्या शून्याला फारसा अर्थ उरत नाही.

तासगाव, बेदाणा उत्पादक

आमच्या बेदाण्याच्या पाकिटावर मिसळलेल्या साखरेपुढे ० टक्के असते आणि ते खरेच आहे, कारण आम्ही साखर घालत नाही. माझ्या मेहुण्यांना मधुमेह आहे. ते शून्य वाचून त्यांनी महिनाभर रोज मूठमूठ बेदाणे खाल्ले. एकूण साखरेची ओळ निराळी असते आणि बेदाण्यात ती १०० ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास असते, हे मी त्यांना दाखवले, तेव्हा त्यांनी मलाच विचारले की मग शून्य कशाला छापता.

सातारा, शिक्षिका

इथे बहुतेकांचा रोख सर्व्हिंगवर अविश्वास आणि १०० ग्रॅमवर विश्वास असा दिसतो, म्हणून माझा अनुभव वेगळा असल्याचे नोंदवते. दोन पाकिटे शेजारी ठेवून तुलना करायची तर १०० ग्रॅमचा आकडाच हवा, हे मला मान्य आहे. पण लोणचे, पापड, सूपची भुकटी यांचे १०० ग्रॅम कोण खातो? आमच्या लोणच्याच्या बरणीवर १०० ग्रॅमला ५२०० मिलिग्रॅम सोडियम आहे. तो आकडा वाचून माझ्या भावाने आईचे लोणचे एका दिवसात बंद केले आणि आई दोन दिवस जेवताना कोणाशी बोलली नाही. त्याच बरणीवर सर्व्हिंग १० ग्रॅम, ५२० मिलिग्रॅम, २६ टक्के असेही आहे, आणि हे माप मला तरी प्रामाणिक वाटते.

मी आईची नेहमीची फोड खारासकट तोलली, ती १४ ग्रॅम भरली. दोन्ही वेळची मिळून दिवसाच्या मर्यादेच्या ७३ टक्के. तिला टक्केवारीत रस नव्हता, काट्यावरचे आकडे मात्र आवडले. आता ती एकाच वेळी फोड घेते, खार बरणीच्या काठावर चमच्याने निपटून काढते आणि फोड काट्यावर ठेवून मला हाक मारते. काल ती ९ ग्रॅम होती.