गोल्फच्या बॅकस्विंगमध्ये (काठी मागे नेताना) उजवा गुडघा वाकलेला ठेवायचा की सरळ होऊ द्यायचा?

प्रश्न: वय ५४, उजव्या हाताने खेळतो. सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराची काठी) बरी लागते, पण ड्रायव्हर (सर्वात लांब मारायची काठी) घेतला की बॉल थेट उजवीकडच्या झाडांत. कॅडी (काठ्या वाहणारा मदतनीस) म्हणतो, "साहेब, गुडघा लॉक होतोय." कोच म्हणतात, थोडा सरळ होऊ द्या, कंबर वळेल. ऐकू कुणाचं?

उत्तर १: दोघांचंही! थोडा सरळ होणं वेगळं, काठीसारखा ताठ होणं वेगळं. खरा घोळ गुडघा बाहेर सरकण्यात असतो. माझ्या उजव्या बुटाची बाहेरची कड झिजली तेव्हा कळलं. त्या कडेखाली एक बॉल दाबून हळू स्विंग करा. सरकायला जागाच उरत नाही.

उत्तर २: पन्नाशीत कंबर वळत नसेल तर डावी टाच खुशाल उचला, जुना चॅम्पियन जॅक निकलसही उचलायचा. पण काठी खाली येताना टायगर वुड्ससारखा डावा गुडघा झटक्यात ताठ करायला जाऊ नका. २००८ चं यूएस ओपन त्याने त्याच दुखऱ्या गुडघ्यावर जिंकलं आणि लगेच ऑपरेशन. आपल्याला रविवारी खेळायचंय हो!

प्रश्नकर्ता: आत्ताच बूट पाहिले. बाहेरची कड साफ गेलीय.