जुन्या एमजीबीचा रंग: पत्रा कोरा करायचा, की आहे तो घासून वर नवा चढवायचा?

अबिंग्डन_बी

एमजीबी रोडस्टरला (एमजी कंपनीची पक्कं छप्पर नसलेली जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) नवा रंग द्यायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: आधी सगळा रंग काढून पत्रा कोरा करा. इतक्या सरसकट दिलेल्या या सल्ल्याला माझा विरोध आहे. पत्रा कोरा करणं हा इलाज आहे, आणि इलाज निदान झाल्यावर करायचा असतो.

निदानाला दोन तपासण्या पुरतात. पहिली, जाडी मोजण्याचं मीटर. प्रत्येक पॅनलवर दहा-बारा ठिकाणी लावा. दीडशे मायक्रॉनच्या आसपास आकडा आला तर बहुधा एकच रंगकाम आहे, तीनशे-चारशे आला तर वर दुसरं झालंय, आणि हजाराच्या वर गेला की खाली लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) आहे असं धरून चाला. दुसरी तपासणी चिंधीची. पांढऱ्या कापडावर एनसी (नायट्रोसेल्युलोज, म्हणजे थिनर उडून वाळणारा जुना लॅकर रंग) थिनर घ्या आणि डिकीच्या आतल्या कोपऱ्यात अर्धा मिनिट दाबून धरा. रंग चिंधीवर उतरला तर तो एनसी किंवा ॲक्रिलिक लॅकर. सुरकुतला तर सिंथेटिक इनॅमल. काहीच झालं नाही तर नीट वाळलेला पीयू (पॉलियुरेथेन, हार्डनर मिसळून मारायचा रंग).

आकडा तीनशेच्या आत, कुठे फुगा नाही, नखाने खरवडून पोपडा निघत नाही, अशा पॅनलवरचा रंग का उतरवायचा? इतकी वर्षं पत्र्याला घट्ट धरून राहिलेला थर आपण नव्याने देऊ त्या प्रायमरपेक्षा भरवशाचा असतो. ३२० नंबरच्या पेपरने कोरडा घासा, इपॉक्सी प्रायमरचा एक हात मध्ये द्या म्हणजे जुनं-नवं भांडणार नाही, मग टूके (हार्डनर मिसळायचा) प्रायमर आणि रंग. पत्रा कोरा करताना कडा घासून पातळ होतात, पत्र्याला पोक येतो, पेटीसारख्या बंद भागांत केमिकल शिरतं. हे सगळं नुकसान आपण स्वतः ओढवून घेतो.

कोरा_पत्रा

पूर्ण असहमत. तुमच्या दोन्ही तपासण्या रंग कसा आहे ते सांगतात. रंगाखाली काय चाललंय ते सांगत नाहीत, आणि एमजीबी खालूनच सडते.

या गाडीला वेगळी चासी नाही आणि रोडस्टरला छप्परही नाही. ताकद आहे ती सिलमध्ये (दरवाजाखालचा लांब आडवा भाग). ती सिल म्हणजे एक पत्रा नव्हे: आतली सिल, मध्ये उभा पडदा, खाली कॅसल रेल (पेटीची खालची पट्टी) आणि बाहेरची सिल, अशी बंद पेटी. बाहेरच्या सिलचं पुढचं टोक पुढच्या मडगार्डाच्या मागे जातं आणि मागचं टोक मागच्या मडगार्डाखाली. चाकाने उडवलेला चिखल मडगार्डाच्या आतल्या पडद्याचं रबर झिजलं की नेमका त्या पुढच्या टोकावर साठतो. ब्रिटनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, म्हणजे तो चिखलही खारट. बाहेरून रंग आरशासारखा, मीटरवर दोनशे मायक्रॉन, आणि आत पेटीचं जाळं झालेलं.

त्यावर सर्रास होणारी मलमपट्टी म्हणजे सडलेल्या सिलवर दुसरी सिल चढवून वेल्डिंगचे टाके मारणं. मीटर नव्या पत्र्यावर छान आकडा दाखवतं! गाडीखाली झोपून कॅसल रेलची कड बघा. एकावर एक दोन कडा दिसल्या तर समजून जा. दुसरी खूण: एक बाजू जॅकवर घ्या आणि दरवाजा उघडा. दरवाजा अडला किंवा मागच्या फटीची रुंदी बदलली तर पेटी संपली.

मागच्या चाकांच्या कमानी दुहेरी पत्र्याच्या आहेत. दोन पत्र्यांमधला गंज बाहेर फुगा म्हणून दिसेपर्यंत दोन वर्षं गेलेली असतात. आणि बाजूने धावणारी चकचकीत पट्टी? तिच्या प्रत्येक क्लिपसाठी पत्र्याला भोक आहे. पट्टी काढली की भोकाभोवती आठ आण्याएवढं तपकिरी वर्तुळ हमखास सापडतं. रंग न काढता हे गंज कसे मारणार?

शिसं_आणि_झाळ

दोघांनी एक गोष्ट सोडली. कारखान्याने काही सांध्यांवर शिसं भरून ते घासून एकसंध केलेलं आहे. मीटर शिशावरही मोठा आकडा दाखवतं आणि चुंबक तिथे धरत नाही. म्हणजे "हजाराच्या वर म्हणजे लांबी" हे गणित सांध्यांवर चुकतं. तिथे कानशीने एक चरा काढून पाहा. करडी, मऊ, चमकदार धातू दिसली तर ते शिसं आहे. ते चांगलं असेल तर कोणी उकरू नये.

शिसं कधीही मशीनने कोरडं घासू नका. वाकडी बॉडी-कानस वापरा, कणी मोठी पडते आणि हवेत उडत नाही. नवं भरलं तर फ्लक्स (झाळताना लावायचं रसायन) गरम पाण्याने आणि सोड्याने दोन-तीनदा धुवा. राहिलेला फ्लक्स सहा महिन्यांनी रंगाखालून फोड होऊन वर येतो, आणि लोक दोष रंगाला देतात.

आता पत्रा कोरा कशाने करायचा. माझ्या मते खरा वाद इथे आहे. वाळूचं ब्लास्टिंग दरवाजा, बॉनेट, डिकीचं झाकण यांवर नको म्हणजे नको. पत्रा जेमतेम ०.९ मिलिमीटर. प्रत्येक कण हातोडीच्या ठोक्यासारखा आपटतो, वरची बाजू ताणली जाते आणि पॅनल ढोलासारखं फुगतं. ते परत सपाट होत नाही. ब्लास्टिंग चाकांच्या कमानींत आणि खालच्या जाड भागांवर करा, तेही बारीक कणाने आणि कमी दाबाने.

सोडा ब्लास्टिंग पत्र्याला मऊ आहे, पण ते गंज काढत नाही आणि मागे अल्कली ठेवून जातं. ती धुऊन निष्प्रभ केली नाही तर प्रायमर चादरीसारखा उलगडतो. आम्लाच्या टाकीत अख्खी बॉडी बुडवणं सगळ्यात स्वच्छ, पण जोडांच्या आत राहिलेलं आम्ल पुढे महिनोन् महिने झिरपतं. बुडवल्यावर लगेच विजेवर बसणारा प्रायमर बुडवूनच देण्याची सोय असेल तरच त्या वाटेने जा.

आणि साठच्या दशकातल्या गाड्यांचं बॉनेट ॲल्युमिनियमचं आहे. त्याला कॉस्टिक लावलं तर धातूच खाल्ली जाते. जाडीचं साधं चुंबकी मीटरही त्यावर चालत नाही, एडी करंटवाला प्रोब लागतो.

अबिंग्डन_बी

शिशाचा मुद्दा मान्य. हजाराचा आकडा सांध्यांपासून चार बोटं लांब घेतला तरच धरायचा.

सिलबद्दल @कोरा_पत्रा बरोबर आहेत, पण त्यातून निष्कर्ष चुकीचा काढताहेत. सिल आतून सडलीय का हे बाहेरचा रंग काढून कळतच नाही. ते कळतं आतून, कॅमेरा घालून, खालून टोच्या मारून. सिल बदलायची तर तेवढा भाग कोरा होणारच. त्यासाठी दोन्ही दरवाजे, बॉनेट, डिकीचं झाकण आणि डॅशबोर्डाभोवतीचा पत्रा कशाला सोलायचा?

पुढची मडगार्डं बोल्टवर आहेत. ती काढा, मागे साठलेला चिखल काढा, गंज दिसेल तिथे दोन बोटं पुढेपर्यंत पत्रा उघडा. पट्टीच्या भोकांचंही तेच. बाकीचा रंग जागेवर ठेवा.

गनमास्तर

तुकड्यातुकड्याने पत्रा उघडण्यात एक अडचण आहे. प्रत्येक उघड्या तुकड्याला जुन्या रंगाची कड असते. ती कड ८०, मग १५०, मग ३२० अशी लांबवर उतरती केली नाही तर नव्या रंगातला थिनर तिथे शिरतो आणि महिन्याभरात नकाशासारखी रेघ उमटते. गाडीवर अशा पंधरा कडा झाल्या की पॅनल कोरं करणं कमी कष्टाचं. एका पॅनलवर तीनपेक्षा जास्त तुकडे उघडले तर ते अख्खं काढावं, असं माझं मत आहे.

लांबीबद्दलही लिहितो, कारण निम्मी रंगकामं तिथे बिघडतात. शंभर ग्रॅमला दोन ग्रॅम हार्डनर. लवकर सुकावी म्हणून चार टाकलं तर जास्तीचं पेरॉक्साइड वरच्या रंगात डाग पाडतं. तीन मिलिमीटरच्या वर लांबी लागत असेल तर पत्रा अजून ठोकून वर आलेला नाही. लांबी पाण्याने घासू नका, ती स्पंजासारखी पाणी पिते. आणि ॲसिड-एच (आम्लाने पत्रा किंचित खाऊन घट्ट बसणाऱ्या) प्रायमरवर लांबी कधीच नाही. आम्ल लांबीला खाली पक्कं होऊ देत नाही.

शेवटचा रंग कोणता? पीयू. दोन भाग रंगाला एक भाग हार्डनर, दहा टक्क्यांच्या आसपास थिनर, दोन ते तीन हात. त्याआधी प्रायमरवर काळ्या पावडरीचा हात फिरवून लाकडी ठोकळ्यावर घासा. काळं राहील तिथे खड्डा. साध्या (मेटॅलिक नसलेल्या) रंगाला ५०० नंबरवर थांबा.

जुनी_झळाळी

पीयूला माझा सक्त विरोध, निदान घरच्या गॅरेजमध्ये. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. वास येईपर्यंत मर्यादा ओलांडलेली असते. त्यातून जडलेला दमा जन्माचा असतो. काडतुसाच्या मास्कवर विसंबू नये, बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ लागतो.

एनसी घरी जमतो. पाच लिटर रंग, तेवढंच थिनर, सहा ते आठ पातळ हात, मग तीन-चार आठवडे सोडून द्यायचा, कारण तो आक्रसत राहतो. मग १२०० नंबरने पाण्यात घासून रबिंग. ओघळ आला, माशी बसली, तर घासून पुढे जाता येतं. आणि एमजीबीवर एनसीची जी खोल, मऊ चकाकी दिसते ती पीयूच्या काचेसारख्या थराला येत नाही. नितळपणाच्या नादात या गाड्या प्लास्टिकच्या दिसायला लागल्यात, याचं खरंच वाईट वाटतं.

गनमास्तर

दम्याबद्दल एक शब्दही खोडणार नाही. म्हणून म्हणतो, प्रायमरची घासाई घरी करा आणि रंग भाड्याच्या बूथमध्ये मारून घ्या. मात्र टूके प्रायमरमध्येही आयसोसायनेट असतं, आणि सुरक्षित म्हणता तो एनसी पेट घ्यायला एका ठिणगीची वाट बघत असतो. साधा पंखा, हीटर, स्विच, काहीही पुरतं. शिवाय सिंथेटिक इनॅमलवर एनसी मारला तर थिनर खालचा थर सुरकुतवून वर आणतो. म्हणजे @अबिंग्डन_बी यांची "घासून वर चढवा" पद्धत आणि एनसी यांची जोडी इनॅमलवर जमत नाही.

किनारपट्टी

मुंबई-रत्नागिरीकडे काम करणाऱ्यांसाठी. पावसाळ्यात कोरा पत्रा रात्रभर ठेवायचाच नाही, सकाळी तांबूस झालेला असतो. हात लावला तर बोटांचे ठसे गंजून उमटतात, हातमोजे घाला. सकाळी एक पॅनल उघडा, संध्याकाळच्या आत इपॉक्सीचे दोन हात. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान तीन अंश जास्त हवं, नाहीतर न दिसणाऱ्या ओलीवरच प्रायमर बसतो. एनसी तर दमट हवेत पांढरा पडतो. आमच्याकडे एकदम अख्खी गाडी कोरी करणं म्हणजे गंजाला आमंत्रण. इथे मी @अबिंग्डन_बी यांच्या बाजूने.

कारखान्याचा_रंग

एक तिसरी बाजू. रंग कारखान्याचाच असेल, फिका आणि कडांना झिजलेला असला तरी, तर रंगवूच नका. तो एकदाच असतो. फिवा या जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची ट्यूरिन सनद हेच सांगते: आहे ते जपा, बदल कमीत कमी करा. रंगवावीच लागली तर डॅशबोर्डाखालचा आणि डिकीच्या झाकणाच्या आतला एक पट्टा तसाच सोडा. पुढे कोणाला मूळ छटा जुळवायची झाली तर उन्हाने न उडालेला तोच एक नमुना उरतो.

कोरा_पत्रा

नमुन्याचा पट्टा ठेवण्याला माझी पूर्ण संमती. पण गंजणारा पत्रा मूळ रंगाखाली जपणं म्हणजे गाडी घालवून रंग जपणं. किनाऱ्यावरची अडचण खरी आहे, आणि तिचं उत्तर एकेक पॅनल कोरं करणं हेच. मी एकाच दिवशी सगळं उघडा म्हटलेलंच नाही.

पद्धत कोणतीही घ्या, दोन कामं रंगानंतरची आहेत. सिलमध्ये मेण फवारायचं ते रंग पक्का झाल्यावर, लांब नळीने, पुढून मागे. आधी मारलं तर ते सांध्यांतून झिरपतं आणि रंगात फिश आय (बारीक गोल खळगे) पडतात. फवारण्यापूर्वी खालच्या निचऱ्याच्या भोकांत तार घालून ती मोकळी करा, प्रायमरने बुजलेली असतात. आणि बाजूची पट्टी लावताना प्रत्येक भोकाची कड बारीक ब्रशने इपॉक्सीने रंगवा, दोन दिवस वाळू द्या, मग क्लिप मेणात बुडवूनच बसवा. कोरडी क्लिप दाबली की कडेचा रंग तिथेच तडकतो.