मदत हवी आहे: लिनक्सवर वाइनमधून जेनिया (एक्सबॉक्स ३६० एम्युलेटर), आवाज येतो पण चित्र काळं

धागाकर्ता

लिनक्स मिंट २२, कर्नल ६.८, मिंटच्याच रेपॉझिटरीतलं वाइन ९.० (विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर). रायझन ५ ५६००, रेडिऑन आरएक्स ६६००, १६ जीबी रॅम. जेनियाचं विंडोज बिल्ड वाइनमधून चालवतोय. खिडकी उघडते, मेनू चालतो. स्वतःच्या डिस्कवरून काढलेली आयएसओ उघडली की संगीत सुरू होतं, पण खिडकी काळीच राहते.

वाइनट्रिक्सनं (वाइनमध्ये जादा घटक टाकणारी स्क्रिप्ट) डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी (विंडोजच्या डायरेक्टएक्स ग्राफिक्सचं भाषांतर करणारे घटक) दोन्ही टाकून झालं, काडीचाही फरक नाही. प्रीफिक्स (वाइनचं आतलं विंडोज असलेलं फोल्डर) तीनदा पुसून नवा केला, तरी तेच. व्हीसीरन२०२२ (व्हिज्युअल सी++ च्या लायब्रऱ्या) टाकायला गेलं तर चेकसम (फाइल तीच आहे का ते तपासणारा आकडा) जुळत नाही म्हणून वाइनट्रिक्स मध्येच थांबतं. सुरुवातीला एका व्हिडिओत बघून जेनियाच्या कॉन्फिग फाइलमध्ये दोन-तीन बदल केले होते, पण ते पहिल्या प्रीफिक्सच्या वेळचे.

आणखी एक. लिनक्सच्या पार्टिशनवर जागा कमी आहे. प्रीफिक्स विंडोजच्या एनटीएफएस ड्राइव्हवर हलवला तर चालेल का?

प्रतिसाद १

व्हीकेडीथ्रीडी टाकून काहीच फरक पडत नाही, यातच बरंच कळतं. ते डायरेक्टएक्स १२ चं भाषांतर व्हल्कन या दुसऱ्या ग्राफिक्स इंटरफेसमध्ये करतं. ते टाकल्यावर चित्र बरं किंवा वाईट, काहीतरी बदलायला हवं. अजिबात बदल नाही म्हणजे जेनिया डायरेक्टएक्स १२ वापरतच नसावा. त्याला स्वतःचं व्हल्कन बॅकएंडही (चित्र काढणारा भाग) आहे, आणि ते निवडलं की वाइन सगळं थेट तुमच्या ड्रायव्हरकडे पाठवतं, व्हीकेडीथ्रीडी वाटेत येतच नाही.

दोन गोष्टी सांगा. जेनियाच्या लॉग फाइलच्या सुरुवातीच्या ओळींत व्हल्कन दिसतंय की डीथ्रीडी१२ (म्हणजे डायरेक्टएक्स १२)? आणि व्हल्कन-टूल्स पॅकेज टाकून व्हल्कनइन्फो समरी पर्यायासह चालवलं तर ग्राफिक्स कार्डाचं नाव काय येतं? तिथे रॅडव्ही (मेसा या ड्रायव्हर-संचातला एएमडी कार्डांचा व्हल्कन ड्रायव्हर) आणि नावी२३ (तुमच्या कार्डाची चिप) दिसायला हवं. फक्त एलएलव्हीएमपाइप दिसलं तर सगळं काम सीपीयूवर चाललंय, मग आधी मेसाचे व्हल्कन ड्रायव्हर नीट करावे लागतील.

धागाकर्ता

व्हल्कनइन्फोत रॅडव्ही नावी२३ येतं. लॉगमध्ये मात्र सगळीकडे व्हल्कन. पण प्रीफिक्स तर कोरा आहे, मग ही सेटिंग आली कुठून?

प्रतिसाद १

तुमच्या होममधल्या डॉक्युमेंट्स फोल्डरातून. वाइन नवा प्रीफिक्स बनवताना आतल्या विंडोजचं डॉक्युमेंट्स फोल्डर तुमच्या खऱ्या डॉक्युमेंट्सला सिमलिंक (दुसऱ्या जागेकडे नेणारा दुवा) करून जोडतं. जेनिया पोर्टेबल नसेल तर कॉन्फिग आणि सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या जेनिया फोल्डरात ठेवतो. म्हणजे प्रीफिक्स तीनदा पुसलात तरी जुनी कॉन्फिग फाइल जागची हलली नाही, प्रत्येक नव्या प्रीफिक्सनं तीच उचलली. ही गोष्ट फार जणांना अडवते आणि लोक उगाच वाइनला दोष देतात.

आता असं करा. डॉक्युमेंट्समधल्या जेनिया फोल्डराचं नाव बदलून ठेवा, पुसू नका, त्यात सेव्ह असू शकतात. मग जेनियाच्या एक्झीशेजारी पोर्टेबल नावाची रिकामी टीएक्सटी फाइल बनवा. यापुढे कॉन्फिग आणि सेव्ह तिथेच राहतील आणि काय बदललंय ते डोळ्यासमोर असेल. एम्युलेटर एकदा उघडून बंद करा, नवी टॉमल (कॉन्फिग) फाइल तयार होईल. तिच्यात जीपीयू या ओळीत 'एनी' असेल, तिथे अवतरणचिन्हांत डीथ्रीडी१२ लिहा. बाकी कशाला हात लावू नका.

प्रीफिक्स चौथ्यांदा करायचा तर या क्रमानं: आधी ६४ बिटचा नवा प्रीफिक्स, मग व्हीसीरन२०२२, मग डीएक्सव्हीके, मग व्हीकेडीथ्रीडी. डीएक्सव्हीके वगळू नका. जेनियाला डायरेक्टएक्स ११ लागत नाही म्हणून ते अनावश्यक वाटतं, पण चित्र पडद्यावर नेण्याचं काम डीएक्सजीआय करतं आणि व्हीकेडीथ्रीडी-प्रोटॉनला (वाइनट्रिक्स टाकतं ते व्हीकेडीथ्रीडी) डीएक्सव्हीकेचंच डीएक्सजीआय लागतं. शेवटी वाइनसीएफजीच्या लायब्ररीज टॅबमध्ये डीथ्रीडी१२, डीथ्रीडी१२कोअर आणि डीएक्सजीआय या तिन्हींपुढे नेटिव्ह लिहिलेलं दिसतंय का ते बघा.

प्रतिसाद २

चेकसमचं सांगतो. मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ चा इन्स्टॉलर त्याच पत्त्यावर ठेवून आतली फाइल बदलत राहतं. वाइनट्रिक्सच्या स्क्रिप्टमध्ये मात्र जुन्या फाइलचा चेकसम लिहून ठेवलेला असतो. डिस्ट्रोबरोबर आलेलं वाइनट्रिक्स जुनं, म्हणून ते अडतं. गिटहबवरची ताजी स्क्रिप्ट उतरवून तीच चालवा. डाउनलोड मायक्रोसॉफ्टकडूनच होतंय याची खात्री असेल तर फोर्स पर्यायही आहे, पण ताजी स्क्रिप्ट बरी.

हा इन्स्टॉलर ६४ बिटच्या लायब्रऱ्या टाकत असला तरी स्वतः ३२ बिटचा आहे. वाइन३२ पॅकेज नसेल तर तो सुरूच होत नाही. एम्युलेटर ६४ बिटचा आहे तर ३२ बिटचं वाइन कशाला, असं म्हणून लोक ते काढून टाकतात आणि इथे अडकतात.

एनटीएफएसवर प्रीफिक्स नको, अजिबात नको. प्रीफिक्समधल्या डॉसडिव्हाइसेस फोल्डरात 'सी' आणि 'झेड' या अक्षरांपुढे कोलन असलेल्या नावाच्या सिमलिंक असतात. एनटीएफएस ड्राइव्ह विंडोजची नावं पाळायच्या पर्यायासह माउंट झालेला असेल तर कोलन चालत नाही आणि प्रीफिक्स बनतच नाही. बनला तरी परवानग्यांचे घोळ होत राहतात. प्रीफिक्सला जागा थोडीच लागते, तो एक्सटी४ (लिनक्सची फाइल सिस्टिम) वर होममध्येच राहू द्या. जागा खातात त्या ७-८ जीबीच्या आयएसओ, त्या खुशाल तिकडे हलवा. वाइनला त्या झेड ड्राइव्हखाली दिसतील. फक्त विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर तो ड्राइव्ह लिनक्समध्ये रीड-ओन्ली माउंट होईल. आणि फॅट३२ पेनड्राइव्हचा विचार करू नका, एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे.

धागाकर्ता

चित्र आलं! कॉन्फिगच होती, जीपीयूच्या ओळीत व्हल्कन लिहिलेलं सापडलं. ताज्या वाइनट्रिक्सनं व्हीसीरनही नीट बसलं. दोघांचेही मनापासून आभार.

आता राहिलेलं: नव्या जागी गेलं की अर्धा-एक सेकंद अडकतं, आवाज मधूनच तडतडतो, आणि काही सावल्यांच्या कडा चुकीच्या दिसतात. त्या व्हिडिओत यासाठी रेंडर टार्गेटला आरओव्ही लिहा असं होतं. लिहून पाहिलं, काही झालं नाही.

प्रतिसाद ३

आरओव्ही तुमच्या कार्डावर लिनक्समध्ये चालणार नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. एक्सबॉक्स ३६० च्या ग्राफिक्स चिपजवळ १० एमबी ईडीरॅम (वेगवान मेमरी) असते आणि खेळ ती फार वेगवेगळ्या तऱ्हांनी वापरतात. तिचं अचूक अनुकरण पिक्सेल शेडरमध्येच (प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवणारा छोटा प्रोग्राम) करायचं तर पिक्सेल ठरलेल्या क्रमानं लिहिले जायला हवेत, आरओव्ही म्हणजे तेच. त्यासाठी व्हल्कनमध्ये फ्रॅगमेंट शेडर इंटरलॉक हे एक्स्टेन्शन आहे. एनव्हिडिया आणि इंटेलच्या ड्रायव्हरमध्ये ते आहे, रॅडव्हीमध्ये नाही. तो व्हिडिओ विंडोजवरचा असणार, तिथे एएमडीवरही हे चालतं. तुम्ही आरटीव्ही ही दुसरी पद्धतच ठेवा.

अडकणं शेडर कंपाइल होण्याचं आहे. त्याच जागी दुसऱ्यांदा गेलात की कमी होईल. दुसऱ्या फेरीतही तितकंच अडकत असेल तर मात्र कळवा, मग कारण वेगळं आहे.

तडतडीसाठी पल्स लेटन्सी एमसेक हे व्हेरिएबल ६० करून वाइन सुरू करा. तेवढ्यानं भागलं नाही तर कॉन्फिगमध्ये एपीयूच्या (आवाजाच्या) ओळीत एसडीएल लिहून बघा. दोन्ही एकदम बदलू नका, कशानं गुण आला ते कळणार नाही.

वाइनएफसिंक (थ्रेडचा ताळमेळ वेगानं राखणारी सोय) १ करा असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. साध्या वाइनमध्ये ते पॅचच नाहीत, ते प्रोटॉनमध्ये (स्टीमचं वाइनवर आधारलेलं रूप) असतात, त्यामुळे ती ओळ लिहून काही होत नाही. त्या वाटेनं जायचं तर स्टीममध्ये जेनिया नॉन-स्टीम गेम म्हणून जोडा आणि कम्पॅटिबिलिटीत प्रोटॉन निवडा. डीएक्सव्हीके आणि व्हीकेडीथ्रीडी त्यात आयतंच येतं. साध्या वाइनवरच राहायचं असेल तर तसंच काम करणारं एनटीसिंक आहे, पण त्याला कर्नल ६.१४ आणि वाइन १०.१६ किंवा पुढचं हवं. तुमच्या ६.८ वर ते मिळणार नाही.

धागाकर्ता

पल्स लेटन्सी ६० वर आवाज स्वच्छ झाला, एपीयूला हात लावला नाही. दुसऱ्या फेरीत अडकणं जवळपास गेलं. आरटीव्हीवर सावल्या तशाच आहेत, त्या राहू देतो. धाग्याच्या शीर्षकात 'सुटलं' जोडतोय.