प्लांटेड टँकमध्ये (झाडं लावलेल्या फिश टँकमध्ये) सकर मासा ठेवू का?

सिडकोकर: दोन फुटी टँक आहे. झाडं: अॅमेझॉन सोर्ड, व्हॅलिस्नेरिया, लाकडावर जावा फर्न. पानांवर तपकिरी थर साचतोय. दुकानदार म्हणतो, "सकर टाका, काच चकाचक." दोन इंची पिल्लू दाखवलं. घेऊ का?

गंगापूररोडवाला: नको हो! ते पिल्लू फूटभर वाढतं. दोन फुटी टँकमध्ये ते वळणार कसं? मोठं झालं की शेवाळ कमी खातं, सोर्डची पानं खरवडतं आणि घाण मात्र ढिगाने करतं. मग लोक गोदावरीत सोडून देतात. मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा, आपल्या नदीत त्याचं काय काम?

त्यापेक्षा ओटोसिंक्लस (ओटो) मासा बघा. जेमतेम दीड-दोन इंची, झाडांना धक्का लावत नाही, तपकिरी थर आवडीने खातो. सहाएक तरी एकत्र घ्या. पोट खपाटीला गेलेले घेऊ नका, ते सहसा जगत नाहीत. थर संपला की उकडलेली काकडी द्या. आणि डिसेंबरात हीटर लावाच, आपल्याकडची थंडी माहितीये ना!

पंचवटीकर: टँक नवा आहे का? नव्या टँकमधला तपकिरी थर बऱ्याचदा आपोआप जातो. ओटोची घाई नको, टँक आधी मुरू द्या.

सिडकोकर: दीडच महिना झालाय. लाइट दहा तास असतो.

गंगापूररोडवाला: मग आधी लाइट सात तासांवर आणा. मासे नंतर.