पाचव्या फ्रेटवरचा हार्मोनिक ऐकूच येत नाही

नाशिकचा_नवा:
स्ट्रॅटच्या (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या) घडणीची इलेक्ट्रिक गिटार आहे, 22 फ्रेट, तारेची थरथर पकडणारे तीन सिंगल कॉइल पिकअप. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला स्वर) स्वच्छ वाजतो, सातव्यावरचाही बरा येतो. पाचव्यावर मात्र नुसतं 'टक्' होतं. बोट अगदी हलकं ठेवतो. गोल आवाज आवडतो म्हणून स्विच कायम मानेजवळच्या, म्हणजे नेक पिकअपवर असतो. माझ्या बोटात दोष आहे की गिटारीत? इथे जवळपास शिकवणारं कोणी नाही.

मिरजेचा_तारवाला:
दोष दोन्हीकडे नाही. स्विच ब्रिज पिकअपवर (तारांच्या खालच्या टोकाजवळच्या) टाक आणि तोच हार्मोनिक पुन्हा वाजव.

कारण समजून घे, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. पाचव्या फ्रेटवर बोट टेकलं की तार चार सारख्या भागांत थरथरते, आणि त्या भागांच्या सांध्यांवर ती जवळजवळ हलत नाही. स्ट्रॅटची तार नटपासून (मानेच्या वरच्या टोकापासून) ब्रिजपर्यंत 25.5 इंच, तिचा चौथा भाग साधारण 6.4 इंच. ब्रिजपासून जवळपास तेवढ्याच अंतरावर नेक पिकअप बसवलेला असतो. जिथे तार हलतच नाही, नेमकं तिथे तुझा पिकअप कान लावून बसलाय! अँप बंद करून गिटारीच्या लाकडाला कान लाव, स्वर तिथे ऐकू येईल. पिकही त्याच जागी मारत असशील तर तो उठणारच नाही, म्हणून हात ब्रिजकडे सरकव.

डाव्या हाताचं एवढंच: सूर दाबताना बोट फ्रेटच्या मागे असतं, इथे ते बरोबर फ्रेटच्या धातूच्या पट्टीच्या डोक्यावर हवं. आणि पिक लागल्या लागल्या बोट उचल. बरेच जण ते तसंच ठेवतात आणि स्वर गुदमरतो.

चौथ्या फ्रेटजवळचा हार्मोनिक शोधताना मात्र पट्टीवर विसंबू नकोस. तारेचा पाचवा भाग तिच्यापासून साधारण 4 मिलिमीटर नटकडे पडतो. तारा गंजलेल्या असतील तर आधी बदल, नाहीतर हात बरोबर पडूनही हा स्वर नीट येत नाही आणि माणूस उगाच निराश होतो.

नाशिकचा_नवा:
दादा, आला! स्विच बदलल्याबरोबर. तिसऱ्या तारेवर चौथ्याजवळचाही सापडला. आता पिंच हार्मोनिकचं सांगा ना. मेटल गिटारवादक झॅक वाइल्डचा तो किंचाळणारा स्वर डोक्यातून जात नाही.

मिरजेचा_तारवाला:
छान! पिंचही तेच आहे, फक्त तारेला स्पर्श करायचं काम उजव्या अंगठ्याकडे जातं. पिक इतका आखूड धर की टोक जेमतेम बाहेर राहील. पिक तार ओलांडतो त्याच झटक्यात अंगठ्याची कड तारेला चाटून गेली पाहिजे.

तिसरी तार पाचव्या फ्रेटवर दाब, स्विच ब्रिजवरच, अँपचा गेन (आवाज फाटवणारं बटण) भरपूर. आता नेक पिकअपपासून ब्रिजपर्यंत उजवा हात अगदी जरा जरा सरकवत वाजवत राहा. एका जागी स्वर फुटेल, किंचित पुढे गेलास की दुसराच निघेल. त्या जागा हाताला पाठ होऊ देत. डावं बोट दुसऱ्या फ्रेटवर गेलं की तारेची लांबी बदलते, त्यामुळे जागाही सरकतात. बहुतेकांचं इथेच अडतं, कारण ते सगळ्या सुरांना एकाच ठिकाणी पिक मारतात. स्वर फुटला की लगेच व्हायब्रॅटो दे, म्हणजे डाव्या बोटाने तार हलवून स्वर डोलव. जागा सापडत गेल्या की गेन कमी करत जा. कमी गेनवर निघालेला पिंच हाच हातात बसलेला पिंच, असं माझं ठाम मत आहे.

सहावी_तार:
थोडं विषयांतर. मी पाचव्या-सातव्या फ्रेटच्या हार्मोनिक्सवरून ट्यूनिंग करते, सहाव्या तारेपासून सुरुवात करून. दुसरी तार तिसरीच्या चौथ्याजवळच्या हार्मोनिकशी जुळवते. दोन स्वर किंचित बेसूर असताना येणाऱ्या लाटा पूर्ण थांबेपर्यंत खुंटी फिरवते, तरी ई मेजर कॉर्ड कानाला टोचतो.

मिरजेचा_तारवाला:
ताई, कान तुमचा बरोबरच आहे. सातव्या फ्रेटचा हार्मोनिक शुद्ध पंचम देतो आणि फ्रेटांच्या समान विभागणीतला पंचम त्याहून 2 सेंट (सेंट म्हणजे एका फ्रेटच्या अंतराचा शंभरावा भाग) उतरा असतो. त्यामुळे तुमच्या पद्धतीत प्रत्येक तार 2 सेंट उतरत जाते, तिसरीपर्यंत 6 सेंट होतात. चौथ्याजवळचा हार्मोनिक म्हणजे शुद्ध गंधार, तो फ्रेटच्या गंधारापेक्षा 14 सेंट उतरा. म्हणजे दुसरी तार एकूण 20 सेंट खाली गेली.

हा गंधार वाईट नाही हो. तंबोऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटतो तोच हा. आमच्या गावात तंबोरे बनतात, जवारी लागल्यावर तो ऐकू यायला लागतो तेव्हा मी अजूनही थबकतो. पण फ्रेटच्या वाद्यात तार त्यावर लावली की बाकीचे कॉर्ड बिघडतात.

सहाव्या तारेचा सातव्या फ्रेटवरचा हार्मोनिक घ्या आणि मोकळी दुसरी तार थेट त्याला जुळवा. फरक 2 सेंटचाच राहतो आणि ई मेजरला तो खपून जातो. पाचवी, चौथी, तिसरी मात्र ट्यूनरवर लावा.